हलकी केलेली क्लाइंबिंग स्टिक पहिल्या पावलाला घसरते? दोष खोडाच्या मागच्या बाजूला शोधा

तक्रार थोड्याफार फरकाने नेहमी सारखीच असते. स्टिकचा, म्हणजे झाडावर चढायला खोडाला बांधायच्या शिडीच्या सुट्या तुकड्याचा, मूळ पट्टा आणि बकल काढून दोर लावला, वजन कमी झालं, घरामागच्या झाडावर बांधून पाहिली तर पक्की बसली. जंगलात नेल्यावर मात्र पहिलं पाऊल ठेवताच ती दोन-तीन बोटं खाली सरकते. कधी सरळ खाली येते, कधी खोडाभोवती एका बाजूला फिरते. कधी सरकत नाही, पण पायाखाली सैल लागते आणि वर चढायचा धीर होत नाही. मग माणूस आणखी जाड दोर घेतो, क्लीट म्हणजे दोर अडकवायचा भाग बदलतो, पुढच्या हंगामात पुन्हा तेच होतं.

मी दक्षिण मिशिगनमध्ये, सरकारी जमिनीवर धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची शिकार करतो. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी काहीजण आता या छंदाकडे वळताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे जे येतं ते सगळं परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करायच्या शिकारीबद्दल आहे.

ज्यांनी या स्टिक पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला दोन्ही बाजूंना पायऱ्या जोडलेल्या असतात, आणि खोडाला टेकायला वर-खाली व्ही आकाराचे दोन टेकू असतात. लांबी साधारण २० ते ३२ इंच. अशा तीन-चार स्टिक एकावर एक बांधत पंधरा-वीस फूट वर जायचं, आणि तिथे छोटं मचाण टांगायचं किंवा सॅडलमध्ये, म्हणजे खोडाला दोराने टांगलेल्या पट्ट्यांच्या बैठकीत, बसायचं. मिशिगनच्या सरकारी जमिनीवर झाडात खिळे, स्क्रू किंवा सालीच्या आत शिरणारं काहीही ठोकायला मनाई आहे. म्हणजे स्टिकला धरून ठेवणारं एकच साधन उरतं, खोडाभोवतीचा पट्टा किंवा दोर. म्हणून त्यात केलेला बदल हा किरकोळ बदल नसतो.

एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगतो. कंपन्या सहसा अशा फेरफारांना मान्यता देत नाहीत. तुम्ही नळी कापली, भोक पाडलं किंवा पट्टा बदलला की स्टिकवर छापलेली ३०० पौंडांची मर्यादा तुमच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून बदल केलेली स्टिक असो की नवीकोरी, पूर्ण हार्नेस घालून आणि लाइनमन बेल्ट, म्हणजे चढताना धरून ठेवणारा कमरेचा दोर, खोडाभोवती टाकूनच जमीन सोडायची. मचाणावरून होणारे बरेच अपघात बसलेले असताना होत नाहीत. ते चढता-उतरताना आणि स्टिकवरून मचाणावर पाऊल टाकताना होतात. वर पोचल्यावर टेदर, म्हणजे हार्नेस खोडाला जोडणारा दोर, बांधायचा आणि तोवर मोकळं राहायचं, ही सवय कितीही अनुभवी माणसाची असली तरी चुकीची आहे.

मुख्य कारण: दोर मागे खाली उतरलेला असतो

माझ्या मते घसरण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि त्याचा दोराच्या ताकदीशी काही संबंध नाही.

पट्टा एक इंच रुंद, थोडा ताठ आणि खरखरीत असतो. खोडाभोवती फेकला की जिथे चिकटतो तिथेच राहतो. त्याच्या जागी आपण सहा मिलिमीटरचा डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर लावतो. हा दोर वजनाला नगण्य आणि भयंकर मजबूत. पाव इंची बारा पदरी दोराची सरासरी तुटण्याची ताकद आठ हजार पौंडांच्या वर आहे. पण तो कमालीचा गुळगुळीत असतो. एका हाताने स्टिक छातीशी धरून दुसऱ्या हाताने दोर ओढेपर्यंत तो खोडाच्या मागे स्वतःच्या वजनाने चार-सहा इंच खाली उतरतो. तुम्हाला ते दिसत नाही, कारण मध्ये झाड आहे आणि बाहेर काळोख आहे. तुम्ही जोर लावून ओढता, क्लीटवर गुंडाळता, दोर तारेसारखा ताठ लागतो. आणि तरी पहिल्या पावलाला स्टिक सरकते.

का सरकते ते नीट समजून घ्यावं असं आहे. काकडी सरळ कापली तर चकती गोल निघते, तिरकी कापली तर लांबट निघते आणि तिचा परीघ मोठा असतो. खोडाभोवतीच्या दोराचंही तसंच. दोर आडवा, एका पातळीत असला की त्याला सर्वांत कमी लांबी लागते. समोर वर आणि मागे खाली असा तिरका असला की जास्त लागते. आता तिरक्या दोरावर ताण देऊन गाठ मारली आणि मग स्टिकवर वजन टाकलं, तर समोरची बाजू खाली येते, दोर आडवा होऊ लागतो आणि जास्तीची लांबी मोकळी होते. म्हणजे तुमच्या वजनानेच दोर ढिला पडतो.

आकडे पाहा. एक फूट व्यासाचं, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरचं खोड धरू. मागची बाजू समोरच्यापेक्षा ६ सेंटिमीटर खाली असेल तर दोर आडवा होताना जवळपास १ सेंटिमीटर ढील सुटते. १० सेंटिमीटर खाली असेल तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. फरक दुप्पट झाला की ढील जवळपास चौपट होते. डायनीमा ताणतो फार कमी, तुटेपर्यंत तो जेमतेम साडेतीन-चार टक्के लांबतो. त्यामुळे एवढी ढील भरून काढायला त्याच्यात लवचीकपणाच नसतो. रबरासारखा ताणणारा दोर असता तर त्याने थोडं सांभाळून घेतलं असतं. जितका उत्तम दोर तितकी ही चूक महाग पडते, ती यामुळे.

उलट मागची बाजू समोरच्यापेक्षा किंचित वर असेल तर नेमकं उलटं घडतं. वजन पडून स्टिक खाली येऊ लागली की दोर आणखी तिरका होतो, त्याला जास्त लांबी लागते, ती मिळत नाही आणि पकड आवळत जाते. सगळा उपाय एवढ्यावर उभा आहे: बांधताना खोडामागचा दोर समोरच्या बरोबरीत किंवा दोन-तीन बोटं वर हवा, खाली कधीच नको.

हे काळोखात कसं साधायचं? दोर फेकून टोक हातात आलं की लगेच ओढायचं नाही. दोन्ही हात खोडाच्या दोन बाजूंना नेऊन दोराला वरच्या दिशेने एक झटका द्यायचा, म्हणजे मागचा भाग उडून वर बसतो. तो वर असतानाच स्टिक खोडाला दाबून ढील काढून घ्यायची. मग क्लीटवर बांधायच्या आधी खालची पायरी धरून स्टिक खाली खेचायची. टेकूचे दात सालीत रुतल्याचं हाताला कळतं, आणि बरेचदा दोर पुन्हा थोडा सैल झालेला सापडतो. तो ओढून घ्यायचा आणि मगच शेवटचं बांधायचं. हे खाली खेचणं बरेच जण गाठ मारल्यावर करतात किंवा करतच नाहीत. माझा आग्रह आहे की ते बांधायच्या आधीही करावं आणि नंतरही.

दुसरा उपाय सोपा आणि कायमचा आहे. दोराचा जो भाग खोडाच्या मागे येतो त्यावर पोकळ पॉलिएस्टर पट्टीची दीड-दोन फुटांची बाही चढवायची आणि दोन्ही टोकांना जाड दोऱ्याचे चार टाके घालून ती जागेवर ठेवायची. वजन वाढतं ते मूठभर शेंगदाण्यांपेक्षाही कमी, पण दोर मागे घरंगळत नाही. गुळगुळीत सालीवर पकड वाढते, आणि कोवळ्या सालीला बारीक दोर कापतो तेही थांबतं. मी आता बाहीशिवाय दोर वापरतच नाही.

घरामागच्या झाडावर ही अडचण का दिसत नाही तेही यावरून कळतं. तिथे उजेड असतो, दोर कोरडा असतो आणि आपण झाडाभोवती फिरून सगळं पाहून बांधतो. चाचणी घ्यायचीच तर दोर बादलीत बुडवा, डोळे मिटून बांधा आणि मग झाडामागे जाऊन पाहा. मागची बाजू कुठे बसलीये ते पाहिल्यावर बहुतेकांना पुढचं वाचायची गरज उरत नाही.

नळी कापून आखूड केली असेल तर

३२ इंचाची स्टिक कापून २० इंचाची केली की ती पाठीवर छान बसते, काट्याकुट्यांत अडकत नाही. पण त्याबरोबर ताणाचं गणित बदलतं.

तुमचं वजन पायरीवर पडतं, म्हणजे खोडापासून थोडं बाहेर. त्यामुळे स्टिकचं वरचं टोक खोडापासून सुटू पाहतं, खालचा टेकू खोडात दाबला जातो आणि वरचं टोक धरून ठेवायचं काम दोराला करावं लागतं. समजा सामानासकट माणूस ८० किलोचा आहे, पाऊल खोडापासून १२ सेंटिमीटरवर पडतं आणि खालचा टेकू ते दोर हे अंतर ५० सेंटिमीटर आहे. दोराला बाहेरच्या दिशेने सुमारे १९ किलोची ओढ बसते. तेच अंतर कापून ३० सेंटिमीटर केलं तर ३२ किलो. आणि हे माणूस स्थिर उभा असतानाचं. जोरात पाऊल टाकलं की आकडा आणखी वाढतो.

दोरासाठी ३२ किलो म्हणजे काहीच नाही. अडचण अशी की बांधताना तुम्ही जेवढा ताण दिला असेल त्यापेक्षा ही ओढ जास्त झाली की वरचा टेकू सालीपासून सुटतो. तो सुटला की स्टिकला आडवं धरणारं काही राहत नाही आणि ती फिरते. तेव्हा तुमची तक्रार "फिरते" अशी असेल आणि स्टिक कापलेली असेल, तर आधी दोराची जागा पाहा. दोर शक्य तितका वर, वरच्या पायरीच्या लगतच्या टेकूपाशी हवा. आखूड स्टिकवर तो मधोमध बांधणं हा फिरण्याला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

कापताना जोडकामाच्या जवळ करवत नेऊ नका. या नळ्या बहुधा ६०६१-टी६ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. तिला ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेने, आणि वेल्डिंगच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती ताकद आधीच बरीच उतरलेली असते. वजन घटवायला नळीला ओळीने भोकं पाडण्याची जी हौस आहे तिला तर मी हात जोडून नको म्हणेन. पोलादाला एका मर्यादेखाली कितीही वेळा ताण दिला तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक चढ-उतार त्याच्या आयुष्यातून थोडं खर्च करत असतो आणि तडा नेहमी भोकाच्या नाहीतर वेल्डच्या कडेला सुरू होतो. एवढं करून वाचतात किती? मोजून काही ग्रॅम.

कापलेल्या टोकाला कानस मारून धार बोथट करा आणि रबरी टोपी बसवा. टोपी विसरली तर वाऱ्यात उघडी नळी शीळ घालते. पहिल्यांदा ऐकताना तो आवाज कुठून येतोय ते कळतही नाही.

टेकूच्या दातांवर टेप लावलाय का?

हे विचारायला साधं वाटतं, पण तपासायला विसरू नका. धातूचा धातूला आवाज होऊ नये म्हणून माणूस संध्याकाळी टेबलावर बसून स्टिकला सगळीकडून जाड चिकटपट्टी लावतो आणि उत्साहात टेकूच्या दातांनाही लावतो. दात सालीत रुतण्यासाठी असतात. त्यावर मऊ पट्टी आली की ओल्या बीच झाडाच्या खोडावर टेकू सरळ घसरतो. पट्टी नळीला, पायऱ्यांच्या खालच्या बाजूला आणि जिथे दोन स्टिक एकमेकींना टेकतात तिथे लावा. दात उघडे ठेवा. ती लावण्याआधी धातू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि काम घरात, उबेत करा. थंड गॅरेजमध्ये लावलेली पट्टी नोव्हेंबरात सुटून हातात येते. पॅराकॉर्ड, म्हणजे बारीक नायलॉनचा दोर, गुंडाळू नका. तो पाणी पितो, गोठतो आणि पायरी बर्फाळ करतो.

दोर, स्प्लाइस, क्लीट

दोर बरोबर बसलाय, टेकू उघडे आहेत, तरी स्टिक प्रत्येक खेपेला थोडी बसते, असं असेल तर लांबी कुठून वाढतेय ते शोधायचं.

नायलॉनचा दोर किंवा पट्टी असेल तर उत्तर तिथेच आहे. नायलॉन ताणतो, आणि ओला झाल्यावर अधिकच ताणतो. पहाटे कोरडा बांधलेला दोर रिमझिम पावसात दुपारपर्यंत ढिला पडलेला असतो आणि उतरताना पहिलं पाऊल त्यावरच पडतं. त्या जागी पॉलिएस्टर घ्या. डायनीमाची सवय नसेल तर आठ मिलिमीटरचा, पॉलिएस्टरच्या विणीचं वेष्टण असलेला कमी ताणाचा दोर हा माझ्या मते सर्वांत समजूतदार पर्याय आहे. तो थोडा जड असतो, पण सालीला धरतो, गाठ धरतो आणि हातमोज्यातूनही हाताळता येतो.

डायनीमाच असेल तर त्याला साधी गाठ मारू नका. गुळगुळीतपणामुळे गाठ सरकते आणि ताकद निम्म्याहून कमी होते. त्याला स्प्लाइस करायचा, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच पोकळ पोटात घालायचं. पोटात गेलेला भाग व्यासाच्या साधारण ७२ पट हवा. सहा मिलिमीटरच्या दोराला हे ४३ सेंटिमीटर होतात. लोक एवढ्या लांबीची कंजुषी करतात आणि ब्रमेल पद्धतीने दोर एकमेकांतून ओवला की झालं असं समजतात. ब्रमेलचं काम स्प्लाइस रिकामा असताना उसवू न देणं एवढंच आहे. वजन पेलते ती पोटात गेलेली लांबी. टोक निमुळतं करा आणि वरून टाके घाला. शिवाय नवा स्प्लाइस पहिल्या काही ताणांत थोडा लांबतोच, ते त्याच्या घडणीतच आहे. म्हणून जंगलात नेण्याआधी तो जमिनीलगत बांधून, त्यावर उभं राहून, थोडं दणकून ताणून घ्यायचा.

क्लीट दोन प्रकारचं मिळतं. दात असलेल्या दोन फिरत्या चकत्यांमध्ये दोर दाबणारं कॅम क्लीट झटपट असतं, पण त्याला ठरावीक जाडीचा, वेष्टण असलेला दोर लागतो. उघडा डायनीमा त्यातून मिलिमीटर-मिलिमीटर निसटतो आणि कडाक्याच्या थंडीत चकत्यांच्या दातांत बर्फ साचलं की ते धरतच नाही. दोन शिंगांच्या साध्या क्लीटमध्ये बिघडण्यासारखं काही नाही. त्याच्या बुडाभोवती आधी एक पूर्ण वेढा, मग शिंगांवरून आठच्या आकड्यासारखे निदान तीन वेढे, शेवटी एक उलटा फास. गुळगुळीत दोराला वेढ्यांची संख्या कमी करायची नाही. कॅम क्लीट ठेवणारच असाल तर त्याच्यापुढे दोराला एक जादा फास देऊन ठेवा.

क्लीट बसवताना नळीला आरपार भोक पाडावं लागतं, आणि बोल्ट आवळला की पातळ नळी आत दबते. दबलेली नळी म्हणजे कमकुवत नळी. भोकाच्या आत नळीच्या रुंदीएवढा पोकळ तुकडा घालून त्यातून बोल्ट न्यायचा, म्हणजे आवळताना जोर त्या तुकड्यावर येतो. नट नायलॉनच्या कडीचा घ्या, साधा नट गाडीच्या डिकीतल्या हादऱ्यांनी सैल होतो. स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वायसर घाला. दोन धातू ओलाव्यात एकत्र राहिले की अ‍ॅल्युमिनियम खात जातं. भोक कोणत्याही वेल्डपासून लांब, नळीच्या मध्यरेषेवर.

झाड कोणतं आहे

बीचची साल गुळगुळीत आणि पाऊस पडला की निसरडी. अ‍ॅस्पेन त्याच्या खालोखाल. इथे बाही चढवलेला दोर किंवा मूळ रुंद पट्टाच हवा. व्हाइट ओक आणि पोक्त रेड मेपल यांच्यावर जवळपास काहीही धरतं. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे लांबलांब पापुद्रे सुटलेले असतात. टेकू पापुद्र्यावर बसला की आधी घट्ट वाटतो आणि वजन पडताच पापुद्राच तुटतो, तोही मोठ्याने. तिथे टेकूच्या जागेवरचे सुटे पापुद्रे हाताने बाजूला करून घ्यावे लागतात, नाहीतर सरळ दुसरं झाड बघावं.

खोडाचा आकारही मदत करतो किंवा घात करतो. खाली रुंदावत जाणाऱ्या खोडावर दोर थोडा सरकला तरी आवळतो. पण मध्येच फुगवटा असेल आणि तुम्ही दोर फुगवट्याच्या सर्वांत जाड भागावर बांधला, तर खाली सरकताच तो बारीक भागावर येऊन सुटतो. दोर फुगवट्याच्या वर, त्याला लागून बांधायचा.

आणि मेलेल्या अ‍ॅशच्या झाडावर चढू नका. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने दक्षिण मिशिगनमधले अ‍ॅश जवळजवळ सगळे मारले. त्यातले काही अजून सरळ उभे आहेत, फांद्या गळाल्याने मचाणाला सोयीचेही दिसतात. ते आतून ठिसूळ असतात आणि मध्यावरून मोडतात. त्यापुढे स्टिक घसरणं ही किरकोळ गोष्ट आहे.

पायरीदोर लावला असेल तर

तीन स्टिकमध्ये चार स्टिकची उंची गाठायला लोक स्टिकच्या खाली पट्टीची किंवा तारेची टांगती पायरी लावतात. वजन वाचवण्याचा सर्वांत मोठा मार्ग हाच, कारण एक अख्खी स्टिक घरी राहते. पण टांगत्या पायरीत पाय घालून तुम्ही मागे कलता आणि हाताने स्टिकचा खालचा भाग धरून ओढता. मग वरचा टेकू टेकणीसारखा राहतो आणि खालचा टेकू खोडापासून उचलला जातो. एकदा तो उचलला की बाजूला फिरायला वेळ लागत नाही.

माझा कौल असा: टांगती पायरी फक्त सर्वांत खालच्या स्टिकला, जिथून पाय सुटला तरी जमीन जवळ आहे. वरच्या स्टिकना नको. तिथे चार आखूड स्टिक मला तीन स्टिक आणि टांगत्या पायऱ्यांपेक्षा कधीही जवळच्या वाटतात. वापरणारच असाल तर पाय पायरीत घातल्यावर गुडघा खोडाला लावून उभं राहायचं, हात स्टिकच्या खालच्या भागाला न लावता खोडाला किंवा लाइनमन बेल्टला लावायचे.

वजन नेमकं कुठे वाचतं

सगळा खटाटोप वजनासाठी आहे, म्हणून तेही सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मूळ पट्टा बकलसकट साधारण २०० ग्रॅम भरतो, बाही चढवलेला दोर आणि क्लीट मिळून शंभरच्या आसपास. चार स्टिकला मिळून चारशे ग्रॅम सुटले. नळी आणि एक पायरी कापली तर दर स्टिकमागे आणखी पाव किलो. त्यापुढचं टायटॅनियमचे बोल्ट वगैरे हे पैसे घालवायचे प्रकार आहेत. माझ्या अनुभवात पाठीला खरा आराम मिळतो तो बांधणीतून: स्टिकच्या पायऱ्या एकीआड एक उलट्या दिशेला ठेवून त्या एकमेकींत बसवायच्या, दोन रबरी पट्ट्यांनी आवळायच्या आणि गठ्ठा पाठीला लागून, उभा, शरीराच्या जवळ ठेवायचा. तेच वजन पाठीपासून वीतभर लांब लोंबकळलं तर खांदे तासाभरात भरून येतात. प्रत्येक दोर त्याच्याच स्टिकच्या पायऱ्यांवर आठच्या आकड्यात गुंडाळून ठेवा. टोक ओढलं की एका हाताने सुटतो आणि वाटेत काटेरी झुडपांत अडकत नाही.

तरीही घसरली तर

क्रमाने जा. स्टिक गुडघ्याच्या उंचीवर बांधा. झाडामागे जाऊन दोराची पातळी पाहा. डाव्या पायरीवर, मग उजव्या पायरीवर पूर्ण वजन टाका, थोडं दणकवा. स्टिक खाली सरकली तर दोर मागे खाली आहे किंवा लांबतोय. फिरली तर दोराची उंची आणि टेकूचे दात पाहा. काहीच झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल लागली, तर स्प्लाइस किंवा नायलॉन. क्लीटच्या पुढे, दोराच्या मोकळ्या टोकाकडे शाईची एक खूण करून ठेवली तर निसटतोय की ताणतोय ते लगेच कळतं: खूण क्लीटच्या आत ओढली गेली तर क्लीट सोडतंय, खूण जागेवर राहूनही स्टिक सैल झाली तर दोष दुसरीकडे आहे.

हंगामाच्या आधी, म्हणजे १ ऑक्टोबरच्या निदान दोन आठवडे आधी, प्रत्येक वेल्डवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे तडा आहे असं समजून स्टिक बाजूला काढा. कारखान्यात काम करणाऱ्यांना तडा दाखवणारा रंगाचा फवारा सहज मिळतो, तो मारून पाहिला तर उत्तम. दोराच्या पदरांवर लव सुटली असेल, एखादी जागा कडक किंवा चपटी लागत असेल तर दोर बदला. आणि मूळ पट्टे फेकून देऊ नका. ओल्या बीचवर किंवा बर्फ धरलेल्या सालीवर मी अजूनही तेच काढतो. त्या दिवशी पाठीवर चारशे ग्रॅम जास्त असतात, इतकंच.